पादत्राणे बाहेर काढावीत

आमच्या शाळेत इंटरनेट आलं ते मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या टेलिफोनमधून. फोनची तार भिंतीला भोक पाडून शेजारच्या खोलीत नेली होती आणि एका पेटीला जोडली होती. ती पेटी अर्धा मिनिट कण्हायची, शिट्ट्या मारायची, मग जगाशी संबंध जुळायचा. पलीकडे मुख्याध्यापकांनी रिसीव्हर उचलला की तुटायचा. त्यांना फोन पुष्कळ येत. त्यामुळे जग आता किती जवळ आलं आहे, हे मी मुलांना सांगायला लागलो की साधारण सातव्या मिनिटाला ते पुन्हा लांब जायचं.

मी मूळचा भूगोलाचा शिक्षक. पनवेलच्या एकाच शाळेत पंचवीस वर्षं मोसमी वारे शिकवले. दोन हजार सहाच्या सुमारास शाळेला दहा संगणक मिळाले, तेव्हा ते कोणाच्या गळ्यात घालायचे यावर स्टाफरूममध्ये चर्चा झाली. मी तरुणपणी इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती, हे कोणाला तरी आठवलं. की-बोर्डची ओळख असलेला मी एकटाच निघालो. तीन महिन्यांचा कोर्स करून मी संगणक कक्षाचा प्रमुख झालो. प्रमुखाच्या हाताखाली कोणी नव्हतं, पण पाटी होती.

दुसरी पाटी मी स्वतः रंगवली. संगणक बसवायला आलेला तंत्रज्ञ जाताना बजावून गेला होता, "सर, धूळ सांभाळा. धुळीने मशीन मरतं." एवढा एकच उपदेश मला पूर्ण कळला, म्हणून मी तो मनापासून पाळला. जमिनीवर गुळगुळीत निळं लिनोलियम घातलं, संगणकांना कापडी अभ्रे शिवून घेतले आणि दारावर पांढऱ्या रंगात लिहिलं : ‘पादत्राणे बाहेर काढावीत. आदेशावरून.’ आदेश कोणाचा, ते लिहिलं नाही. माझाच होता.

बाहेरच्यांना या खात्याची कल्पना यावी म्हणून एक तास कसा जायचा ते सांगतो. तास पस्तीस मिनिटांचा, मुलं पंचावन्न. बूट काढून नुसत्या मोज्यांवर रांगेत यायला सात मिनिटं. हजेरी, अभ्रे काढणं, एकेक मशीन चालू करणं. एका संगणकासमोर पाच-सहा जणं. त्यातला एक माउस धरी, एक त्याला ढकली, उरलेले मानेवर श्वास सोडीत. मग अभ्रे घालणं आणि बाहेर जाऊन आपापला बूट शोधणं. उजव्या पायाचे दोन बूट घेऊन घरी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. शासकीय फॉर्मवर ‘विद्यार्थी इंटरनेटचा वापर करतात काय?’ असा रकाना असे. त्यात मी ‘होय’ लिहीत असे.

धुळीचं म्हणाल तर दर दसऱ्याला आम्ही त्याच मशीनांची साग्रसंगीत पूजा करत होतो. हळद, कुंकू, अक्षता. पहिल्या वर्षी तीन की-बोर्ड बंद पडले. उलटे करून झटकल्यावर त्यांतून तांदूळ पडले. बुटांच्या धुळीने मेलेलं मशीन मात्र माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी पाहिलं नाही. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

सुवर्णा आठवीत होती. पळस्प्याच्या पलीकडच्या एका गावातली, आगरी घरातली. वडील सहा आसनी रिक्षा चालवायचे आणि रोज सकाळी पहिल्या फेरीत तिला थेट शाळेच्या पायरीशी उतरवायचे. लहानपणी पोलिओ झालेला. उजव्या पायाला कॅलिपर. म्हणजे मांडीपासून खाली आलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, आणि त्या पट्ट्या ज्याच्या टाचेत पक्क्या बसवल्या आहेत असा एक जड काळा बूट. तो बूट नुसता काढता येत नाही. काढायचा तर सगळा सांगाडाच सोडावा लागतो, आणि सांगाडा सोडला की त्या पायावर उभं राहता येत नाही.

पहिल्याच तासाला ती दाराशी थांबली. मी पाटीकडे बोट दाखवलं. तिने बुटाकडे दाखवलं. मागे चोपन्न मुलं खोळंबली होती. मी म्हणालो, "काढता येत नसेल तर वर्गात बस. दप्तरं सांभाळ."

हे मी फार सहज म्हणालो, कारण ती पद्धतच होती. पीटीच्या तासाला ती दप्तरं सांभाळी. कर्नाळ्याच्या सहलीत बाकीचे किल्ला चढत तेव्हा खाली अभयारण्याच्या फाटकाशी बसून डबे सांभाळी. ज्याला जमत नाही त्याला राखणीचं काम द्यायचं, म्हणजे त्यालाही वाटतं आपला उपयोग आहे आणि आपल्यालाही वाटतं आपण दयाळू आहोत. तेव्हा अपंग म्हणत. आता शब्द बदलला आहे. पायऱ्या बहुतेक ठिकाणी त्याच आहेत.

जूनपासून दिवाळीपर्यंत तिने संगणकाच्या तासाला चोपन्न दप्तरं राखली. त्या वेळात ती संगणकाचं पुस्तक वाचत असे, कारण तिथे वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं. सहामाहीत तिला लेखीला पंचवीसपैकी चोवीस मिळाले. वर्गात पहिली. प्रात्यक्षिकाचा रकाना भरताना मी थांबलो. शून्य लिहिलं तर मुख्याध्यापक विचारणार, का? मग बुटांचं सांगावं लागणार. मी वीस लिहिले. लिहून झाल्यावर मला बरंही वाटलं.

यादी बोर्डावर लागली त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती कक्षाच्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेर, माझ्या चपलांशेजारी उभी राहिली.

"सर, एक विचारायचं हाय."

"विचार."

"मला प्रॅक्टिकलला वीस मार्क कशाचे दिले?"

"कशाचे म्हणजे? संगणकाचे."

"पन मी आत आलेच नाय अजून."

मी चष्मा पुसायला घेतला. "तुझं लेखी चांगलं आहे, म्हणून दिले."

"लेखीचे चोवीस दिलेत की. हे वीस कशाचे?"

"अगं, तुझी अडचण आहे. समजून दिले."

"मंग आमच्या वर्गातल्या संजयला सातच का? त्याची पन अडचन हाय. त्याला काय येतच नाय."

आमचे शिपाई तांडेलमामा आत लादी पुसत होते. ते फडक्यात तोंड घालून हसले. उरणकडचे कोळी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि माझ्या पाटीवर त्यांची पहिल्यापासून श्रद्धा नव्हती.

सुवर्णा हसली नाही. म्हणाली, "शून्य करा सर. नायतर आत घ्या. दोनातलं एक करा."

"यादी बोर्डावर लागली आहे. आता बदलता येत नाही."

हे खोटं होतं. रजिस्टर माझ्या टेबलावरच पडलेलं होतं आणि मुख्याध्यापकांची सही व्हायची होती. तिने टेबलाकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिने पाटीकडे पाहिलं.

"हा बोर्ड तुमीच लिवलाय ना?"

"हो."

"मंग हा तरी बदलता येत आसंल." आणि ती वळून गेली. तिचं वळणं हे मोठं काम होतं. त्या लोखंडाचा आवाज व्हरांडाभर ऐकू येत राहिला.

तांडेलमामा म्हणाले, "सर, एक बोलू? त्या पोरीच्या बुटाला माती नाय. बापूस पायरीवर उतरवतो तिला. ती चालते कुठं? तुमच्या या सगल्या पोरांचे मोजे बगा, लादी कोन काली करतंय ते."

हे इतकं उघड होतं की मला राग आला.

मी रात्रभर तळमळलो वगैरे काही नाही, व्यवस्थित झोपलो. दुसऱ्या दिवशी मात्र नियमही मोडू नये आणि मुलगीही आत यावी असा तोडगा घेऊन गेलो. मला तो फार हुशारीचा वाटला होता. घरून साडीच्या दुकानाच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबर आणले होते. बुटांवर पिशव्या चढवायच्या, वर रबर लावायचं. धूळ बंद.

तासाला मी सगळ्यांसमोर त्या पिशव्या तिच्या हातात दिल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "ए सुवर्णा, बुटांना साडी नेसव!" वर्ग हसला. तिने भिंतीला टेकून, वाकून, दोन्ही पायांत पिशव्या चढवल्या. त्यालाही पाच मिनिटं लागली. मग तिने उंबऱ्याच्या आत पाय ठेवला.

गुळगुळीत लिनोलियमवर प्लास्टिक. घरात एकदा लादी पुसलेल्या माणसालाही जे कळेल ते मला सुचलं नव्हतं. उजवा पाय पुढे सरकला तो सरकतच गेला. ती पडली ती बाजूला, कोपरावर. लोखंड जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला.

मी पुढे झालो. ती म्हणाली, "हात नका लावू."

मग आम्ही सगळे, मी आणि चोपन्न मुलं, एक माणूस जमिनीवरून उठताना पाहत उभे राहिलो. आधी ती पालथी झाली. मग टेबलाचा पाय धरला. मग डावा गुडघा. मग कॅलिपरची कडी हाताने सरळ करून तिने स्वतःला वर ओढलं. कोपरातून थोडं रक्त येत होतं. तिने दोन्ही पिशव्या काढल्या, त्यांची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"या तुमी ठेवा, सर."

आणि बूट वाजवत जाऊन पहिल्या संगणकासमोर बसली. तिथे आधीच बसलेल्या मुलींनी निमूट जागा केली. त्यानंतर तिला कोणी बूट काढायला सांगितलं नाही. पाटी मात्र तशीच राहिली. तो फक्त सुवर्णापुरता अपवाद झाला. पाटी उतरवली असती तर माझं चुकलं होतं असं झालं असतं.

पहिला संगणक दाराजवळचा, म्हणजे त्या कण्हणाऱ्या पेटीजवळचा. महिन्याभरात पेटीचं सगळं तंत्र तिला कळलं. संबंध तुटला की मी मुख्याध्यापकांच्या नावाने मनातल्या मनात बोलत असे. ती तेवढ्यात जोडून मोकळी होत असे. दुसऱ्या तुकड्यांचे तास असले तरी मुलं तिला बोलवायला यायची. मग आमच्या इंग्रजीच्या बाई आपलं राशिभविष्य काढून घ्यायला तिच्याकडे यायला लागल्या. तिच्या गावाकडचे एक काका उपग्रहाचा नकाशा बघायला आले होते. त्यांना आपला विकलेला डोंगरउताराचा तुकडा वरून कसा दिसतो ते बघायचं होतं. तिने दाखवला. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि "बराच छोटा हाय की" म्हणून गेले.

त्याच नकाशावर एकदा ती कर्नाळा शोधत होती. मी मागे उभा होतो. सुळका सापडला, मग कोणीतरी टाकलेले वरचे फोटो सापडले. पाण्याची टाकी, पडकी भिंत, थोडं गवत, एक माकड.

"सर, वर एवढंच हाय?"

"एवढंच आहे."

"आन यासाठी ही पोरं दोन वर्षं खाली येऊन एवढी मिरवत होती?" ती मनापासून हसली. "मला वाटलं, वर काय हाय आन काय नाय!"

इंटरनेटने विद्यार्थ्याला काय दिलं, यावर मी अनेक परिसंवाद ऐकले आहेत. हे वाक्य त्यांपैकी एकातही ऐकलं नाही.

मार्चमध्ये वेगवान इंटरनेट आलं. टेलिफोनचा आणि त्याचा झगडा मिटला. असली गोष्ट आमच्याकडे गुपचूप होत नाही; तिचं उद्घाटन होतं. मांडव, शाल, नारळ, पाहुणे. मुख्याध्यापकांना सुवर्णा अचानक आठवली. "आपली ती मुलगी, पायाची, तिच्या हस्ते प्रात्यक्षिक ठेवू. पेपरवाले येणार आहेत. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, तुमची भाषा चांगली आहे."

माझी भाषा चांगली होती. मी लिहून दिलं : ‘अपंगत्वावर मात करून कु. सुवर्णा हिने पहिल्या दिवसापासून संगणक कक्षात प्रावीण्य मिळवले आहे.’ पहिल्या दिवसापासून. हे लिहिताना पेन अडखळलं नाही. वीस मार्कांनी हात तयार झाला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी ती संगणकासमोर बसली होती. फीत कापली आणि पाहुणे आत आले, बुटांसकट. त्यांच्या मागे संस्थेचे पदाधिकारी, नगरसेवक, त्यांची माणसं, दोन फोटोग्राफर, सगळे पायताणांसकट निळ्या लिनोलियमवर. बाहेर मांडवासाठी खड्डे खणले होते, त्यांची लाल माती आत आली. माझ्या पाटीवर स्वागताचा फलक टांगलेला होता. आणि मी, संगणक कक्षाचा प्रमुख, हात जोडून "या, या" म्हणत होतो.

सुवर्णाने त्या सगळ्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

फोटोग्राफर म्हणाला, "बेटा, पाय जरा इकडे घे. बूट दिसला पाहिजे."

"बूट कशाला? कंप्युटर दाखवा ना."

"अगं, तोच तर फोटो आहे."

तिने पाय टेबलाखाली आणखी आत घेतला.

पाहुण्यांनी माझ्या दोन ओळी ऐकल्या होत्या. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "शाब्बास! पहिल्या दिवसापासून शिकतेस म्हणे?"

"नाय साहेब. दिवाळीपासून. आदी मी दप्तरं राखायची."

पाहुणे हसले, कारण त्यांना ऐकू आलं नव्हतं. मुख्याध्यापक हसले, कारण ऐकू आलं होतं. पेपरात फोटो आला तो पाहुण्यांचा. सुवर्णाची एक वेणी आणि खांदा दिसत होता. बातमीत माझं वाक्य जसंच्या तसं होतं.

वार्षिक परीक्षेत तिला प्रात्यक्षिकाला पंचवीसपैकी पंचवीस मिळाले आणि ते मी नाही, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दिले. प्रगतिपुस्तक न्यायला आली तेव्हा तिने पहिल्या सहामाहीच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे वीसच होते.

"हे तसंच ठेवलं तुमी."

"आता काय त्याचं? पंचवीस मिळालेत की."

"हे माजे हायेत," पंचवीसवर बोट ठेवून ती म्हणाली. "ते तुमचे हायेत." आणि प्रगतिपुस्तक बंद केलं.

पुढे ती दहावी झाली, कॉलेजला गेली, असं कळत राहिलं. तांडेलमामा निवृत्त झाले आणि गेलेही. कक्षात नवे संगणक आले आणि लिनोलियम जाऊन फरशी आली. ती पाटीही रंगकाम करताना कोणीतरी काढली. मी नाही. माझ्या निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करताना जुनं रजिस्टर हाती लागलं. आठवी, पहिली सहामाही. निळ्या शाईतले वीस. माझ्या खिशात पेन होतं, खोलीत कोणी नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी त्या आकड्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी ते पान पाहिलं आणि रजिस्टर रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. निरोपाच्या चहाला बोलावलं होतं, एवढंच कारण आठवतं.

पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी सही लागे, आता अंगठा टेकवून ऑनलाइनही देता येतो. दोन वर्षांपूर्वी मी खांदा कॉलनीतल्या घरातून निघून पळस्पे फाट्याजवळच्या एका सेवा केंद्रात गेलो. तिथली बाई कामाला चोख आहे, असं शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. एक गाळा. पायरीऐवजी सिमेंटचा उतार. आत तीन संगणक दिसले आणि माझा हात सवयीने खाली चपलेकडे गेला.

"चपला घालूनच या, सर. इथं कोणी काढत नाही."

टेबलामागे सुवर्णा होती. टेबलाखाली काळा बूट पुढे आलेला होता, लपवलेला नव्हता. समोर सात-आठ माणसं सातबारा, दाखले, फॉर्म घेऊन बसली होती आणि तिला ताई म्हणत होती. तिने माझी विचारपूस केली, पाणी दिलं. भाषा आता शहरातली झाली होती. शाळेचा विषय तिने काढला नाही. मी काढीन काढीन म्हणून गप्प राहिलो.

तिने अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं. मी अंगठा टेकवला. यंत्राने मला ओळखलं नाही. दुसरा अंगठा. नाही. इतकी वर्षं खडू धरलेली बोटं. रेषा गुळगुळीत झाल्या असाव्यात. तिने ओलं फडकं दिलं. पुसून पुन्हा. नाही. सहाव्या वेळेला मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "आजोबा, हायेत ना नक्की?" सगळे हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती.

मी हळूच म्हणालो, "अगं सुवर्णा, मी समोर जिवंत बसलोय. ओळखतेस मला. तूच दे ना भरून."

तिने पडद्यावरची नजर माझ्याकडे वळवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. असता तर बरं वाटलं असतं.

"समजून नाय देता येत, सर," ती म्हणाली. नाय. एवढ्यापुरती जुनी भाषा. "पुसा. परत लावा. होईल."

नवव्या वेळेला झालं. तिने कागद छापून दिला, बाकीच्यांइतकेच पैसे घेतले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मला काही बोलायचं होतं. वाक्यही तयार होतं, माझी भाषा चांगली आहे. पण रांग होती.

बाहेर आलो आणि उताराजवळ उभा राहून बराच वेळ इकडेतिकडे चपला शोधत राहिलो. त्या माझ्या पायातच होत्या.